चार्ज दिला, मत ठेवलं : एका बिअर कंपनीच्या वारसाची गोष्ट



आजचा विषय बिअर आहे म्हटल्यावर काही घरांत आवाज कमी केला जाईल, काही घरांत वाढवला जाईल. दोन्हीकडच्या मंडळींना आधीच सांगतो, ग्लासात काय आहे यावर आज फारसं बोलायचं नाही. आजची गोष्ट चार्ज देण्या-घेण्याची आहे. फौजेत आम्ही त्याला हँडिंग-टेकिंग ओव्हर म्हणतो. एका अमेरिकन कंपनीत हे चोवीस वर्षांत तीन वेळा झालं, आणि चौथ्या वेळी चार्ज फिरून पहिल्याच माणसाकडे आला.

कंपनीचं नाव बॉस्टन बिअर कंपनी. तिची प्रसिद्ध बिअर सॅम्युअल ॲडम्स. संस्थापक जिम कुक. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग बघून आपण ‘कोच’ म्हणू, पण ते स्वतः ‘कुक’ म्हणतात. १५ ऑगस्ट २०२५ रोजी, वयाच्या ७६व्या वर्षी, ते पुन्हा कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. त्याच खुर्चीवरून ते २००१ साली उठले होते. ज्यांनी आयुष्यात कधी एखादी शाळा, पतपेढी, मंडळ किंवा दुकान उभं केलं आहे, त्यांना हे ऐकून आपल्या गावातलं कुणीतरी आठवेल.

कुक यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या थोरला मुलगा बिअर बनवणारा. ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीचं हे कुटुंब. जिमचे वडील याच धंद्यात शिकले, पण त्यांच्या उमेदीच्या काळात लहान कारखाने एकामागून एक बंद पडत गेले आणि त्यांना दुसरा मार्ग धरावा लागला. १९७० च्या दशकाअखेरीस साऱ्या अमेरिकेत बिअरचे शंभर कारखानेही उरले नव्हते. एवढा मोठा देश, आणि सगळीकडे चवीला जवळजवळ सारखीच, पातळ, पिवळी बिअर. जिमनं हार्वर्डमधून पदवी घेतली, मग तिथूनच कायदा आणि व्यवस्थापन असं दुहेरी शिक्षण पूर्ण केलं आणि बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप या नामांकित सल्लागार कंपनीत नोकरी धरली. मधली काही वर्षं डोंगरदऱ्यांत मुलांना गिर्यारोहण शिकवण्यात घालवली. हा भाग मला विशेष आवडतो. ज्यानं दोरावर दुसऱ्याचं वजन पेललं आहे, त्याचा धोक्याचा हिशेब वेगळा असतो.

१९८४ मध्ये त्यांनी ती पगाराची नोकरी सोडली. वडिलांना हा वेडेपणा वाटला. पण माळ्यावरच्या जुन्या कागदांतून पणजोबांच्याही वडिलांची, लुई कुक यांची, बिअरची कृती निघाली. ती एकोणिसाव्या शतकातली, सेंट लुईसच्या कारखान्यातली. जिमनं स्वतःचे एक लाख डॉलर घातले, नातेवाईक-मित्रांकडून आणखी १ लाख ४० हजार जमवले. ऑफिसमधल्या त्यांच्या सेक्रेटरी ऱ्होंडा कॅलमन यांनीही नोकरी सोडली आणि त्या या कामात भागीदार झाल्या. स्वतःचा कारखाना नव्हता. पिट्सबर्गच्या एका जुन्या कारखान्यात ठरवून बिअर बनवून घ्यायची आणि ब्रीफकेसमध्ये बर्फाच्या पिशव्यांबरोबर बाटल्या घेऊन बारच्या पायऱ्या चढायच्या, असा क्रम. नाव दिलं सॅम्युअल ॲडम्स, अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातला बॉस्टनचा पुढारी, ज्याच्या घरचाही माल्टचा धंदा होता. बाजारात आणायचा मुहूर्त एप्रिल १९८५ चा पेट्रिअट्स डे. लेक्सिंग्टन आणि काँकर्ड इथल्या पहिल्या चकमकींची आठवण म्हणून मॅसॅच्युसेट्समध्ये हा दिवस पाळतात. काही आठवड्यांतच डेन्व्हरच्या ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हलमध्ये लोकांनी तिला देशातली सर्वोत्तम बिअर म्हणून निवडलं.

पुढची दहा वर्षं भरभराटीची होती, तिथं थांबत नाही. आपल्याला थांबायचं आहे नोव्हेंबर १९९५ मध्ये.

त्या महिन्यात कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली. कुक यांनी एक सुरेख गोष्ट केली. सहा बाटल्यांच्या खोक्यावर कूपन लावलं आणि आपल्या बिअरच्या ग्राहकांना ३३ शेअर १५ डॉलर भावानं देऊ केले. मोठ्या गुंतवणूकदारांना तोच शेअर २० डॉलरला. साधा माणूस स्वस्तात, बँकवाला महागात. चेकचा पाऊस पडला. लोकांना वाटलं, आपण कंपनीचे मालक झालो.

झालेही. पण कुठल्या वर्गाचे मालक, हे समजून घेतलं पाहिजे. कंपनीचे शेअर दोन वर्गांत विभागले आहेत. अ वर्ग बाजारात मिळतो. ब वर्ग बाजारात नाही, तो सगळाच्या सगळा कुक यांच्याकडे. अ वर्गाचे भागधारक संचालक मंडळातले फक्त तीन सदस्य निवडतात. बाकीचे, म्हणजे बहुमत, ब वर्ग निवडतो. कंपनी विकायची, दुसऱ्या कंपनीत विलीन करायची, तरी ब वर्गाची संमती लागते. अलीकडच्या वर्षांत अ वर्गाचे शेअर सुमारे एक कोटी आणि ब वर्गाचे सुमारे वीस लाख आहेत. सहातला एक हिस्सा, आणि निर्णय त्याचा.

यात बेकायदा काहीच नाही. सगळं छापील कागदावर, घेणाऱ्याला वाचता येईल असं. आणि यामागचं कारणही मी समजू शकतो. त्याच काळात अमेरिकेतली सर्वांत मोठी बिअर कंपनी, बडवायझरवाली अन्हायझर-बुश, या लहान मंडळींच्या मागे लागली होती. १९९६ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात सॅम ॲडम्सवर टीका झाली की ही बिअर दुसऱ्यांच्या कारखान्यात बनते. भाव घसरत घसरत दहा डॉलरच्याही खाली गेला. त्या दिवसांत ब वर्ग नसता तर कुणीतरी ही कंपनी स्वस्तात गिळून टाकली असती. १९९७ मध्ये कुक यांनी सिनसिनाटीतला एक कारखाना विकत घेतला. त्यांच्या वडिलांनी तरुणपणी तिथंच उमेदवारी केली होती. ज्या धंद्यानं वडिलांना बाहेर काढलं, त्याच धंद्याच्या दाराची चावी मुलानं घेतली.

आता पहिला चार्ज. जानेवारी २००१. मार्टिन रोपर मुख्य कार्यकारी अधिकारी झाले आणि कुक अध्यक्ष राहिले. रोपर १९९४ पासून कंपनीत होते आणि कारखान्यांच्या, उत्पादनाच्या बाजूनं वर आले होते. सात वर्षं त्याच छपराखाली काढल्यावर त्यांना खुर्ची मिळाली. ते तिथं सतरा वर्षं टिकले. २००१ मध्ये कंपनीचा निव्वळ महसूल सुमारे १९ कोटी डॉलर होता, २०१५ मध्ये तो सुमारे ९६ कोटी झाला. ट्विस्टेड टी नावाचा चहाच्या चवीचा मद्ययुक्त पदार्थ, अँग्री ऑर्चर्ड नावाची सफरचंदाची सायडर, ही याच काळातली पिकं. पेनसिल्व्हेनियातला ब्रायनिग्सव्हिलचा प्रचंड कारखाना २००८ मध्ये साडेपाच कोटी डॉलरना घेतला. कंपनी एवढी वाढली की अमेरिकेतल्या क्राफ्ट बिअरवाल्यांच्या संघटनेनं ‘लहान’ कुणाला म्हणायचं त्याची मर्यादा वर्षाला वीस लाख बॅरलवरून साठ लाखांवर नेली. नाहीतर चळवळीचा म्होरक्याच चळवळीबाहेर पडला असता!

हे सतरा वर्षं कसं चाललं? मला त्यात फौजेतली एक ओळखीची रचना दिसते. पलटणीचा सीओ बदलतो तेव्हा जुना सीओ निघून जातो. अधिकारी आणि जेसीओ त्याच्या जिप्सीला दोर बांधून ती गेटपर्यंत ओढतात, गळ्यात हार पडतात, डोळे ओले होतात, आणि गेटबाहेर गाडी सुरू झाली की संपलं. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात फोन करून अमक्या कंपनीला कुठं लावलं, असं विचारत नाही. पण रेजिमेंटला आणखी एक वडीलधारा असतो, कर्नल ऑफ द रेजिमेंट. परंपरा, निवृत्तांचं कल्याण, रेजिमेंटची इभ्रत हे त्याचं क्षेत्र. पलटणीच्या रोजच्या कामात तो हात घालत नाही. रोपर यांच्या काळात कुक बऱ्याच अंशी तसे वागले. जाहिरातीत ते दिसत, हॉप्स निवडायला जर्मनीला जात, बारमध्ये लोकांशी बोलत. रोपर कारखाने चालवत.

फरक एकच होता, आणि तो लहान नव्हता. आमच्या कर्नल ऑफ द रेजिमेंटच्या खिशात सीओला बदलण्याचं पत्र नसतं.

२०१५ नंतर वारं फिरलं. गावोगावी छोटे कारखाने निघाले, तरुणांना बॉस्टन लागर ही बापाची बिअर वाटू लागली. रोपर यांनी निवृत्तीचा इरादा वर्षभर आधीच जाहीर केला, हे त्यांचं सभ्यपण. एप्रिल २०१८ मध्ये डेव्ह बरविक आले. मूळचे पेप्सिकोचे, मग पीट्स कॉफीचे प्रमुख. २००५ पासून बॉस्टन बिअरच्या संचालक मंडळावर होते, म्हणजे अगदी परके नव्हते, पण कारखान्याच्या फरशीवर वाढलेलेही नव्हते.

त्यांच्या वाट्याला स्वर्ग आणि पाताळ दोन्ही आलं. २०१९ मध्ये सुमारे तीस कोटी डॉलरच्या व्यवहारात डेलावेअरची डॉगफिश हेड ही नावाजलेली कंपनी बॉस्टन बिअरमध्ये आली आणि तिचे संस्थापक सॅम कॅलाजोनी संचालक झाले. कुक यांच्याहून सुमारे वीस वर्षांनी लहान, स्वतः बिअर बनवणारा, बोलका माणूस. पुढचा वारस हाच, असं मी तेव्हा बघत असतो तर म्हटलं असतं. त्याच सुमारास हार्ड सेल्ट्झरची, म्हणजे फळांच्या चवीच्या मद्ययुक्त सोड्याची, लाट आली. कंपनीचा ट्रूली हा ब्रँड दणक्यात चालला. एप्रिल २०२१ मध्ये शेअर १,३०० डॉलरच्या वर गेला. कंपनीनं लाट अशीच चढत राहील असं धरून माल भरला, करार केले. उन्हाळ्यात लाट ओसरली. शिळा व्हायच्या आत नष्ट करावा लागला तो माल लाखो खोक्यांचा होता. एका तिमाहीत सुमारे पावणेसहा कोटी डॉलरचा तोटा. वर्ष संपताना शेअर पाचशेच्या आसपास.

मला इथं एक प्रश्न पडतो, आणि तो बरविक यांच्याविषयी नाही. माल नष्ट करण्याचं कारण टीव्हीवर येऊन सांगितलं ते कुक यांनी. तोटा झाला तो कुणाच्या आदेशानं? फौजेत ऑपरेशन ऑर्डरच्या खाली एकच सही असते. चूक झाली तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी त्या सहीपाशी येते. इथं मुख्य अधिकारी एक, त्याला निवडणारं मंडळ दुसरं, आणि मंडळाचं बहुमत निवडणारा तिसरा. तो तिसरा माणूस रोज इमारतीत असतो आणि हॉप्सचा वास घेऊन सांगतो की हे चालणार नाही. अशा ठिकाणी नव्या माणसाला यश मिळालं तर ते संस्थापकाच्या पुण्याईचं, अपयश आलं तर ते नव्या माणसाचं. ही कुणाच्या स्वभावावर टीका नाही. रचनाच तशी आहे.

बरविक २०२४ मध्ये निवृत्त झाले. १ एप्रिलपासून मायकेल स्पिलेन. पूर्वी नायकी या बूट-कपड्यांच्या कंपनीत मोठ्या पदावर, आणि २०१६ पासून इथल्या संचालक मंडळावर. म्हणजे पुन्हा तोच मार्ग. बाहेरच्या कंपनीत वाढलेला माणूस, मंडळावर काही वर्षं, मग खुर्ची. त्यांनी पदभार घेतल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, मे २०२४ मध्ये, जपानची सनटोरी ही कंपनी बॉस्टन बिअर घेण्याच्या बोलणीत असल्याची बातमी आली. सनटोरीनं ती नाकारली, पण तेवढ्यात शेअर उसळला. बाजार त्या दिवशी नव्या अधिकाऱ्याकडे बघत नव्हता. सगळ्यांना ठाऊक होतं की दार एकच आहे आणि किल्ली कुणाकडे आहे. साडेसोळा महिन्यांनी स्पिलेन पायउतार झाले आणि कुक परतले. कारणांच्या खोलात मी जात नाही. फक्त एवढंच बघतो की संकटात हाक मारावी असा आतला, तयार झालेला दुसरा रोपर त्या घटकेला खुर्चीत बसला नाही.

संस्थापकानं सगळं सोडून द्यावं, असं मात्र मी म्हणणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ब्रुइंग घ्या. फ्रिट्झ मेटॅग यांनी १९६५ मध्ये ती बुडता बुडता वाचवली, अमेरिकेतल्या क्राफ्ट बिअरचा पाया घातला, आणि २०१० मध्ये विकून बाजूला झाले. स्वच्छ, नीटस चार्ज. २०१७ मध्ये ती सपोरोकडे गेली आणि २०२३ मध्ये बंद पडली. कोलोरॅडोच्या न्यू बेल्जियमनं कंपनी पूर्णपणे कामगारांच्या मालकीची केली, टाळ्या मिळाल्या, आणि २०१९ मध्ये कामगारांनीच ती जपानच्या किरीन समूहाला विकायला संमती दिली. कुक यांची कंपनी चाळीस वर्षांनी अजून कुणाची नाही, ती तिची स्वतःची आहे. ब वर्गाचं हे श्रेय नाकारता येत नाही.

मग मधला रस्ता आहे का? आहे, आणि तो दीडशे वर्षांचा जुना आहे. त्यासाठी डेन्मार्कला जावं लागेल.

१८४७ मध्ये कोपनहेगनबाहेर वाल्बी इथं जे. सी. याकोबसन यांनी टेकडीजवळ बिअरचा कारखाना काढला. पाच वर्षांच्या मुलाचं नाव कार्ल, टेकडी म्हणजे ‘बेर्ग’, म्हणून कार्ल्सबेर्ग. आपण कार्ल्सबर्ग म्हणतो ती हीच. मुलाच्या नावानं कारखाना, तेव्हा वारसाचा प्रश्न जन्मतःच सुटला असं कुणालाही वाटलं असतं. कार्ल परदेशात शिकून आला आणि १८७१ पासून वडिलांनी बांधलेला दुसरा कारखाना चालवायला घेतला. तिथं ठिणगी पडली. वडिलांचं म्हणणं, बिअर गार तळघरात पुरेशी मुरली पाहिजे. मुलाला लवकर तयार करून जास्त विकायची होती. दहा वर्षं धुसफुस चालली, शेवटी कार्लनं शेजारीच स्वतःचा ‘न्यू कार्ल्सबर्ग’ उभा केला. बापलेकांचं बोलणं तुटलं.

वडिलांनी १८७५ मध्ये प्रयोगशाळा काढली होती आणि १८७६ मध्ये एक फाउंडेशन. त्याचा कारभार डेन्मार्कच्या राजविज्ञान अकादमीनं निवडलेल्या पाच प्राध्यापकांकडे. मृत्युपत्रानं त्यांनी आपला कारखाना मुलाला न देता या फाउंडेशनला दिला. १८८७ मध्ये रोममध्ये ते वारले, त्याआधी मुलाशी समेट झाला होता. प्रयोगशाळेत एमिल हॅन्सन यांनी १८८३ मध्ये शुद्ध यीस्ट वेगळं काढलं, आणि ते इतर कारखान्यांनाही मोकळेपणानं दिलं गेलं. शाळेत आपण ज्याला पीएच म्हणतो ते मोजमापही १९०९ मध्ये याच प्रयोगशाळेतलं.

आणि कार्ल? ज्याला वारसा नाकारला गेला त्यानं १९०२ मध्ये आपलाही कारखाना त्याच फाउंडेशनच्या हवाली केला. १९०६ मध्ये दोन्ही एक झाले आणि १९१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत कार्ल त्यांचा संचालक होता. कोपनहेगनच्या बंदरातली जलपरीची मूर्ती, जिच्याशेजारी आपले पर्यटक फोटो काढतात, ती त्यानंच १९१३ मध्ये शहराला दिली. आज कार्ल्सबर्गमध्येही शेअरचे दोन वर्ग आहेत आणि मतांचं बहुमत फाउंडेशनकडे आहे. कुक यांच्यासारखीच रचना, पण किल्ली एका माणसाच्या खिशातून काढून एका संस्थेच्या पेटीत ठेवलेली. याकोबसन यांनी ती जिवंतपणी विचार करून ठेवली. घरात त्याची किंमत मोजावी लागली, ती फार मोठी होती, हे विसरून चालणार नाही. पोटच्या मुलाला दूर करून केलेली व्यवस्था मी सहजी कुणाला सुचवणार नाही.

तरी बॉस्टनकडे पाहताना मला वाटतं की तिथं दोन वेगवेगळे चार्ज आहेत. एक कारखाने, विक्री, माणसं सांभाळण्याचा. तो तीनदा दिला गेला. दुसरा, मंडळ निवडण्याचा. तो एकदाही दिला गेलेला नाही. आणि दुसऱ्याची व्यवस्था जाहीरपणे लागल्याशिवाय पहिल्यासाठी येणारा माणूस, कितीही हुशार असो, आमच्या भाषेत ‘ऑफिशिएटिंग’च राहणार. गिर्यारोहण शिकवलेल्या माणसाला मी हे सांगायला नको. पुढचा चढणारा वजन टाकतो ते वरचा दोर नीट बांधला आहे हे त्याला दिसल्यावरच.

ओल्ड मंक आणि ब्रिगेडियर कपिल मोहन यांच्याविषयी बोला, असं इंदूरपासून बेळगावपर्यंतच्या बऱ्याच फौजी मित्रांनी सुचवलं आहे. तो वेगळा भाग होईल, आणि घाईत उरकण्यासारखा नाही.

बॉस्टन बिअरची भागधारकांची वार्षिक सभा दरवर्षी मे महिन्यात भरते. अ वर्गाचे भागधारक आपले तीन संचालक निवडतात. त्यात १९९५ च्या कूपनवाले काही अजूनही असतील. मग ब वर्गाचं मतदान होतं. त्याला फार वेळ लागत नाही.